कापसाच्या बर्फावरची फयी

पोट्टी फयीवर होती, माह्या डोयासमोर होती, अन् मंग नोती.

फयी होती. लाकडाची फयी कापसावर आडवी पडली होती, तिच्यावर ठोकलेले दोन कॅनवासचे बूट आभायाकडं तोंड करून होते, अन् माही चार वर्साची पोट्टी, जे आत्ता त्या बुटाच्या मधात बसून मले हात हालवून रायली होती, थे कापसाच्या गंजीत गेली. आवाज बी नाई झाला. पान्यात कोनी पडलं तर आवाज तरी होते. कापूस तोंड उघडते, घेते, अन् पुन्हा बंद करते, अन् वरून जसा होता तसाच पांढरा, जसं काई झालंच नाई.

माहा नवरा गंजीच्या माथ्याजवय कंबरेइतका फसून होता. माहा दीर खाली उभा होता, भर दुपारी अकोल्याच्या उनात डोक्यावर मनालीची लोकरी टोपी घालून. अन् मी समोरच्या ट्रॉलीवर उभी होती, हातात नवऱ्याचा मोबाइल धरून, कारन मले व्हिडिओ काढाले लावलं होतं. मी किंचायली अन् मोबाइल हातातून सुटला. तवा नवरा पयले काय वरडला थे मी मरेपर्यंत इसरनार नाई.

"फोन! फोन पाडू नोको वं!"

मंग त्यानं खाली पायलं. मंग त्याच्या ध्यानात आलं का त्याच्या दोन पायाच्या मधात लेकरू होतं अन् आता नाई.

हे सगयं सुरू कसं झालं थे पयले सांगतो म्हनतो मी, कारन आता अमरावतीपासून अकोल्यापर्यंत जो थो वेगयंच सांगून रायला. माहा दीर तर असा सांगते जसं वऱ्हाडात स्नोबोर्ड त्यानंच आनला अन् आता सरकार त्याले हारतुरे घेऊन हुडकून रायलं.

आमी अकोल्याच्या बाहेर एका जिनमंदी राह्यतो. जिन म्हंजे जठी कापसातून सरकी अलग करतेत. आवाराच्या कडेले मजुराच्या खोल्या हायेत, त्यातली एक आमची. दिवाईपासून ट्रॉल्या याले लागतेत अन् आवारात कापसाच्या गंज्या चढतेत, दोन माडीच्या घराइतक्या. माहा नवरा पाईपावर हाय. पत्र्याचा भल्ला मोठा पाईप, तोंड इतकं का लेकराचं डोकं सहज जाईन. बटन दाबलं का थो गंजीच्या बुडातून कापूस ओढते अन् आत मशिनीवर नेऊन टाकते. मी बायांसंगं बसून कापसातला कचरा येचतो, पानं, काड्या, पिवया पडेल कापूस. नाकातोंडात कापसाची धूय जाते म्हून आमी सगयाच बाया तोंडाले फडकं बांधतो, फक्त डोये दिसतेत. 

एक गोष्ट ध्यानात ठेवा. पाईप बुडातून ओढत जाते तशी गंजी आतून पोकय होते. वरून काईच दिसत नाई. म्हून आमच्या जिनमंदी रीत हाय, ज्या बाजूनं पाईप लागला त्या बाजूच्या माथ्यावर एक बांबू रोवाचा अन् त्याले लाल चिंधी बांधाची. चिंधी दिसली का तिकडं पाय टाकाचा नाई. बस. याले काई शाया लागत नाई. मी आठवीत शाया सोडली, मले समजते. कुत्र्यायले बी समजत असन, थे बी त्या बाजूले झोपत नाईत. अन् थो बांबू रोवाचं काम कोनाचं? पाईपवाल्याचं. म्हंजे माह्या नवऱ्याचं.

आता दिराचं सांगतो. थो अमरावतीले राह्यते, सहली नेनाऱ्या एका गाडीवर आचारी हाय. लोकायले काश्मीर, मनाली दाखवतेत अन् हा तठी त्यायच्यासाठी झुनका-भाकर, वरन-भात शिजवते, कारन आपले लोकं डोंगर पाहाले हजार कोस जातीन पन तठी बी त्यायले वरनच पाह्यजे. मांगच्या हिवाळ्यात थो मनालीहून आला अन् तडक आमच्याकडं आला, डोक्यात टोपी, डोयावर हा मोठा काया गॉगल. घरात बी काढे ना.

"वैनी, तुमी बर्फ पायला काय?"

"पायला ना. रसवंतीवाला पोत्यात घालून आनते."

"थो बर्फ नोय, वैनी. डोंगरच्या डोंगर पांढरे! अन् लोकं फयीवर उभे राहून असे, असे, सुंईईई..."

अन् त्यानं माह्या चुलीजवय दोन पाय फाकवून, हात पसरून, ढुंगन हालवून दाखवलं. पोट्टी खदाखदा हासली. माहा नवरा हासला नाई. थो पाहून रायला होता, तोंड उघडं टाकून. तवाच मले समजाले पाह्यजे होतं.

"तू केलं काय बे?" नवऱ्यानं इचारलं.

"म्हंजे काय! दहा मिनिटं केलं. तठला मास्तर म्हने, भाऊ, तुमच्या अंगातच हाय हे."

त्याच्यासंगं गेलेला दुसरा आचारी मले मंग अमरावतीले एका लग्नात भेटला. थो म्हने, बाई, दहा मिनिटातले नऊ मिनिटं तुमचा दीर बुडावर बसून होता, अन् एक मिनिट उभा रायला थो फोटोसाठी, अन् तवा बी मांगून दोघायनं धरला होता.

पन घरात आता दोन भाऊ अन् एक मोबाइल. रात-दिवस तेच. गोरे गोरे लोकं डोंगरावरून उड्या मारून रायले. माहा नवरा म्हने, आपल्याकडं बर्फ नाई. दीर म्हने, नाई तर नाई. मंग दोघंबी एकदमच दाराबाहेर पाहाले लागले. बाहेर काय होतं? कापसाच्या गंज्या. पांढऱ्या.

दोघं दाढी-मिशीवाले मानसं. एकाले चार वर्साचं लेकरू. मी त्यायच्या तोंडाकडं पायलं अन् मले वाटलं, देवा, हे तर बह्याड झाले, पुरते येडे.

मी दोन दिवस माहेरी गेली, चांदूर बाजारले, चुलत बहिनीच्या बोलन्याले. वापस आली तर घरातला दिवान उघडा पडेल. गोधड्या, उशा, माहा शालू, सगयं जगाले दाखवून रायला. थो दिवान माह्या बापानं आंदनात देल्ला होता, चांदूरच्या सुताराजवय बसून, आपल्या नजरेसमोर करून घेतला होता. वरच्या फयीले गुलाबी फुलाचा सनमायका, असा गुयगुयीत का चेहरा दिसन.

"दिवानाचं झाकन कुठी हाय?" मी म्हनली.

"झाकन नाई म्हनाचं, वैनी," दीर म्हने. "बोर्ड म्हनाचं आता."

त्यायनं माह्या बापाची फयी उभी चिरली होती, पुढच्या टोकाले रंधा मारून गोल केली होती, अन् गुलाबी सनमायका खालून ठेवून वरून दिराचे शायेतले कॅनवासचे जुने बूट खियानं ठोकले होते. सनमायक्यावर मेनबत्ती घासली होती. म्हने, घसराले बरं. मी रडली. नवरा म्हने, "रडतं काय वं, एका फयीसाठी? दोन महिन्यात तुले नवा दिवान घेऊन देतो, व्हिडिओ चालू दे फक्त."

तर वऱ्हाडातल्या स्नोबोर्डाचे पयले दिवस असे. कोनाले लिहून ठेवाचे असतीन तर लिहून ठेवा.

पयल्या दिवशी सरकीच्या ढिगावर गेले. सरकी म्हंजे बारीक गोल दाने. दीर फयीवर उभा रायला, "पाहा आता" म्हनला, अन् सरकी अशी पायाखालून धावली का फयी एकीकडं, दीर एकीकडं, टोपी तिसरीकडं. चार दिवस थो पालथा झोपला. दुसऱ्या खेपेले कापसावर गेले. तर फयी जाग्यावरच रुतली, चिखलात म्हैस बसते तशी. तिसऱ्या खेपेले कोन्या शहान्यानं खोबरेल तेल लावलं फयीले, तर सगया कापसाले डाग, अन् आमच्या जिनचे मुकादम काका, पिकल्या मिशाचे, गरीब मानूस, कवा शिवी देत नाईत, त्यायनं बी त्या दिवशी देल्ली.

मंग यायले कयलं का ट्रॉलीवाले गंजीच्या ज्या बाजूनं चढउतार करतेत, जठी मजूर कापूस पायानं खुंदतेत, थे बाजू टनक असते अन् तठून फयी घसरते. पंधरा-ईस हात. तेवढ्यात तीनदा पडाचं. तरी खाली आला का दीर दोन्ही हात वर करे, जसा इमानातून उतरला. सुट्टीच्या दिवशी मशीन बंद राह्यते, मुकादम काका जेवून आडवे होतेत, तवा हे सगयं चाले. मोबाइलवर टाकत. लोकं पाहात. अकोल्याचे, अमरावतीचे, धारनीकडचा बी कोनी एक रोज हात जोडल्याचं चित्र पाठवे. तेवढ्यानं माह्या नवऱ्याची चाल बदलली. पाईपावर काम करताना बी थो गॉगल लावे. मशीनवरच्या बाया मले इचारत, "काय वो, हिरोले घरी जेवाले वाढतं का नाई?" मी काय सांगू? खाली मान घालून कचरा येचू.

मी भित्री हाय, हे आमच्या घरात पोट्टीले बी मालूम हाय. मले इजेच्या खटक्याचं भेव वाटते, जिना उतराचं भेव वाटते, अमरावतीच्या बसमंदी मी डोये मिटून बसतो. म्हून मी काई म्हनली का दोघं एकच म्हनत, "भित्री!" अन् इषय संपला.

त्या दिवशी बी मी म्हनलीच होती.

लोकायनं म्हने लिहिलं होतं, मोठे मानसं पाहून कटायलो, काई नवीन दाखवा. तर दिरानं डोकं लावलं. "लहान लेकरू बसवू पुढं. लेकरू असलं का लोकं पाह्यतेच पाह्यतेत."

"माही पोट्टी नाई बसनार," मी म्हनली.

"अवं, कापूस हाय," नवरा म्हने. "कापसावर पडलं तर लागते काय? गादीत काय असते? कापूसच ना?"

"बाबा, मी बसनार!" पोट्टी म्हने. पोट्टीले काय कयते. तिले तर बाप म्हंजे गोरा मानूस वाटून रायला होता.

"पाह्य, थे नाई भेत. तुह्यापेक्षा तुही लेक बरी."

अन् मी गप रायली. हेच थे. मारलं नाई मले कोनी, धमकी नाई देल्ली. एक शब्द बोलले अन् मी गप रायली. फक्त पोट्टीच्या तोंडाले मी माह्या जुन्या ओढनीचं फडकं बांधलं, नाक झाकून, आमी बांधतो तसं, मांगं गाठ मारून. दीर म्हने, "वैनी, चेहरा दिसत नाई तिचा, काढा थे." मी म्हनली, "दिसला नाई तर नोको दिसू." एवढं एकच मी त्या दिवशी माह्या मनानं केलं.

आता बांबूचं. आदल्या दिवशी संध्याकायी माह्या नवऱ्यानंच या गंजीच्या मावयतीकडून पाईप लावला होता अन् आपल्या हातानं लाल चिंधीचा बांबू रोवला होता. सकायी दोन ट्रॉल्या आल्या, थो कापूस वरून तठीच ओतला, म्हंजे आतलं पोकय भोकाड झाकल्या गेलं. रोजची खुंदेल बाजू दुपारी सावलीत जाते. दीर म्हने, इकडं ऊन चांगलं हाय, कापूस चमकून रायला, आज इकूनच.

"इकडं पाईप लागला हाय," नवरा म्हने. म्हनला, बरं काय. त्याले मालूम होतं.

"मशीन चालू हाय काय आज?"

"नाई."

"मंग?"

अन् नवऱ्याले पटलं! दहा वर्सं पाईपावर काम करनाऱ्या मानसाले पटलं का मशीन बंद असली का भोकाड बी सुट्टीवर जाते. मंग दीर म्हने, मनालीत उतारावर असेच लाल झेंडे राह्यतेत, त्यायच्या बाजूनं फयी नेतेत, हा बांबू खाली लाव, आपन झेंड्यापाशी येऊन थांबू, मस्त दिसन. अन् माह्या नवऱ्यानं आपल्या हातानं रोवलेला बांबू आपल्या हातानं उपटला अन् गंजीच्या पायथ्याशी लावला. शोभेले.

मी ट्रॉलीवरून मोबाइलात पायलं. लाल चिंधी खाली दिसली. माह्या मनात आलं, थे अठी काहून? एवढं मनात आलं. तेवढ्यात दीर वरडला, "वैनी, चालू करा!" अन् मी बटन दाबलं. मी बी त्यायच्यातलीच म्हना.

नवरा अन् पोट्टी फयीवरून दोन-तीन हात आले असतीन. मंग नवरा कंबरेइतका गेला, अन् पोट्टी पूर्न गेली.

मी ट्रॉलीवरून उडी मारली. जिना उतराले भेते थे बाई, उडी मारली. मुकादम काका किंचायनं आयकून बनियनवरच धावत आले.

"बांबू कुठी हाय बे?"

काकायनं माथ्याकडं पायलं, मंग पायथ्याकडं पायलं. चिंधी हालून रायली होती. काकायचं तोंड असं झालं का मले त्यायच्याकडं पाह्यवेना.

"कोनी चढू नोका! वजन पडलं का आनखी खचन. थांबा, दोर आनतो!"

"वैनी, शांत राहा," दीर म्हने. "मनालीत बी असं होते. बर्फात मानूस दबते, त्याले काढाची पद्धत..."

"मनालीत कापूस हाय काय रे?" मी म्हनली. लग्न झाल्यापासून पयल्यांदा त्याले रे म्हनली. "तठी तू भाकरी थापत होता रे, भाकरी!"

अन् मी चढली. पाय टाकला तर मांडीइतकी गेली. दुसरा टाकला तर आनखी खाली. तवा मले फयी दिसली. दिवानाची. इतकं सगयं होऊन बी थे वरच पडून होती, रुतली नोती, रुंद होती म्हून. मी हात लांबवून तिले ओढली, तिच्यावर पालथी पडली, अन् हातानं कापूस ढकलत ढकलत वर गेली, पान्यात जातेत तसं. त्या दोन बुटाच्या मधात माही छाती. जठी पोट्टी गेली होती असं मले वाटलं तठी मी हात घातला. कोपरापर्यंत. खांद्यापर्यंत. गाल कापसाले लागला. कापूस आतून गरम राह्यते, हे तुमाले मालूम नसन.

काईच नाई. मंग जरासक बाजूले. काईच नाई. मंग बोटाले पट्टा लागला. चपलेचा.

पाय होता. पोट्टी डोक्याकडून खाली गेली होती अन् तिचा पाय वर होता, अन् माह्या हातात थो हालला. दोनदा. मी ओढलं तर चप्पल हातात आली. मी चप्पल फेकली अन् पुन्हा हात घातला, आता घोटा सापडला, मी दात खाऊन ओढलं, पन कापसानं तिले बगलेतून असं आवयून धरलं होतं का एक बोट बी सरके ना. अन् फयीवर पालथं पडून जोर लागत नाई, जोर लावला का फयीच खाली जाते.

"पाय सापडला!" मी वरडली. "येत नाई!"

नवरा आतापर्यंत कसातरी निंघाला होता. थो खाली घरंगयत गेला अन् पाईपाजवय उभा रायला. "बुडातून पाईप लावू काय? खालून ओढला का मोकयी होईन थे!"

"येडा झाला काय बे!" मुकादम काका दोर घेऊन धावत येत होते. "पोट्टीच ओढल्या गेली तर? डोकं खाली हाय तिचं! हातानं काढू, दोर बांधू, माह्यासंगं चार मानसं..."

"चार मानसं कुठी हायेत, काका? सुट्टी हाय!"

"मंग धावत जा, बोलाव!"

एक म्हने पाईप, एक म्हने दोर. दिरानं कापसातून मोबाइल उचलला होता अन् थो छातीशी धरून रडून रायला होता, अन् मोबाइल चालूच होता.

अन् पाय माह्या हातात एकदा हालला. मंग नाई हालला.

"दाबा बटन!" मी म्हनली.

नवऱ्यानं बटनावर हात ठेवला अन् मले इचारलं. आयका, मले इचारलं. "तू म्हनतं ना? तू म्हनतं म्हून दाबतो मी. सांग बरं."

"मी म्हनतो! दाबा! बंद म्हनली का बंद करा!"

मशीन घरघरली. पयले काईच झालं नाई. मंग पाय माह्या हातातून खाली जाले लागला. वर नाई, खाली. मी दुसरा हात बी घातला, दोन्ही हातानं घोटा धरला, तोंड कापसात, डोये कापसात, अन् मनात एकच, हात तुटला तरी चालन. फयी मांगून उचलल्या गेली. मंग गंजीचं सगयं तोंडच एकदम फुटलं, हुंब करून, अन् कापूस, फयी, मी, पोट्टी, सगये खाली सुटलो. मी पालथी, डोकं पुढं, हातात लेकराचा पाय, लुगडं कुठच्या कुठी. सरसर सरसर सीधे खाली. पंधरा-ईस हात नाई, पूरी गंजी. अन् जाऊन थांबलो कुठी? त्या लाल चिंधीच्या बांबूपाशी.

"बंद!" मी वरडली. "बंद करा!"

माहा पदर पाईपात गेला होता, हातभर. पाईपाचं तोंड पोट्टीच्या केसापासून एक वीतभर असन. मशीन बंद पडली तसा पदर ढिला झाला.

पोट्टीचं तोंड निळं पडलं होतं. फडकं नाकावर तसंच घट्ट. मी गाठ सोडली, बोटं तोंडात घातले, कापूस काढला, थोडाच होता, पाठीवर थापट्या मारल्या, अन् थे खोकलली. मंग रडली. तिच्या रडन्यापेक्षा चांगलं मी आजवर काई आयकलं नाई.

अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात दोन दिवस ठेवलं. डॉक्टरीन बाई कमी वयाची होती, पयले लय बोलली आमाले, मंग म्हने, "नाकावर कपडा कोनी बांधला होता?"

"मी."

"बरं केलं."

या सगया परकरनात मले बरं म्हननारी थे एकच.

कारन घरी आल्यावर जे सुरू झालं थे आजवर सुरूच हाय. दिरानं थो व्हिडिओ टाकला. हाव, टाकला. म्हने, लोकायले धडा मियन. धडा! खाली लोकायनं लिहिलं, काकू जोरात. लिहिलं, काकूले ऑलिंपिकले पाठवा. कोनी माह्या लुगड्यावर लिहिलं, थे मी सांगत नाई. अन् खरी गोष्ट आयका, त्या दोन बह्याडायले सगया हिवाळ्यात एकदा बी वरून खालपर्यंत सीधं येता आलं नाई. वऱ्हाडात त्या फयीवर न पडता पूरी गंजी उतरलेलं मानूस एकच, अन् थे मी. पालथी.

अन् आता जो येते थो शहाना. सासू अमरावतीहून आली, पोट्टीले मांडीवर घेतलं अन् मले म्हने, "पाईप चालू कराले सांगनारी तू कशी माय वो? लेकरू मशिनीत गेलं असतं तर?" ननंद म्हने, दोराची वाट पाहाले पाह्यजे होती. शेजारची म्हने, मी असती तर पोट्टीले फयीवरच बसू देल्लं नसतं. माहा बाप चांदूरहून आला, त्यानं दिवान पायला, खिये उपटले, फयी तिच्या चिरेल अर्ध्याजवय पुन्हा दिवानावर ठेवली अन् गेला. मधातली चीर अन् बुटाचे चार भोकं तेवढे रायले. आमी दोघी माय-लेकी त्याच्यावरच झोपतो. माहा नवरा खाली झोपते. कोनी इचारलं का थो एकच सांगते, "मी तिच्या सांगन्यावरून बटन दाबलं." बांबू कोनाच्या सांगन्यावरून उपटला थे कोनी इचारत नाई, अन् थो बी सांगत नाई.

एकटे मुकादम काका काई म्हनत नाईत. आता चिंधीचा बांबू थे सोता रोवतेत, कोनाले हात लावू देत नाईत. मी समोरून गेली का नजर खाली घालतेत. त्यायले वाटते का त्यायचा दोरच बरोबर होता, अन् मले बी कवा कवा तसंच वाटते. पाय खाली जाले लागला होता ना, थो घोटा अजून माह्या हातात खाली जाते. भाजी चिरताना जाते. कापूस येचताना जाते. पोट्टी झोपली का मी तिचा पाय धरून पाह्यतो, गरम हाय का नाई.

अन् पोट्टी? थे इचारते, "आई, आपन पुन्हा कवा घसरू?"

म्हून मी तुमालेच इचारतो. सासूले नाई, नंदेले नाई, त्या मोबाइलवाल्यायले तर नाईच नाई. दोर घेऊन येनारा मानूस पन्नास पावलावर हाय. बटनावर हात ठेवून नवरा तोंड पाहून रायला. लेकराचा पाय तुमच्या मुठीत हाय, पयले दोनदा हालला, मंग एकदा, अन् आता हालत नाई. सांगा मले, तुमी काय केलं असतं?